टिळकांचे घर

दिंडोरीहून दक्षिणेकडे नाशिकची वाट धरली म्हणजे दिंडोरी तालुक्याची हद्द संपते आणि गोदाकाठ जवळ येतो. नाशिक शहराच्या पश्चिमेस काही कोसांवर नदीच्या तीराला जलालपूर नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावात इ. स. १८८० साली एक लग्न झाले. नवरी अकरा-बारा वर्षांची होती. नवरदेवाचे वय अठरा-एकोणीस होते. नवरीचे नाव मनकर्णिका गोखले. सासरी गेल्यावर तिचे नाव लक्ष्मी असे ठेवण्यात आले. नवरदेव नाशिकमध्ये लहानाचा मोठा झालेला, खिशात पैसा नसलेला, परंतु संस्कृत काव्यात रमणारा एक तरुण होता. त्याचे नाव नारायण वामन टिळक.

पुढे मराठी वाचक त्यांना रेव्हरंड टिळक या नावाने ओळखू लागले. लोकमान्य टिळकांशी त्यांचे आडनाव जुळते, आणि दोघांचाही जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला. पण हे टिळक निराळे. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी इतक्या गोड कविता लिहिल्या की फुलामुलांचे कवी असे नाव लोकांनी त्यांना दिले. त्यांची कविता तुम्ही वाचाल तेव्हा वाचाल. येथे सांगावयाची आहे ती त्यांच्या घराची हकीकत. ते घर एकदा मोडले होते आणि पुन्हा उभे राहिले.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत असत. ते स्वभावाने फार तापट होते. आई जानकीबाई तितक्याच मायाळू. त्यांना गाण्याची व कवितेची आवड होती, आणि मुलाच्या कानावर पहिली कविता पडली ती आईच्या तोंडून. नारायण अकरा-बारा वर्षांचा असतानाच ही आई गेली. वडिलांच्या रागाला घाबरणाऱ्या त्या मुलाला आता घरात आधार उरला नाही. तो घराबाहेर पडला आणि नाशिकला आला.

नाशिकमध्ये त्याला एक मोठा आधार मिळाला. त्र्यंबकेश्वरचे गणेशशास्त्री लेले हे त्या काळातील नामांकित पंडित. त्यांनी या निराधार मुलाला संस्कृत शिकविले. मुलगा बुद्धीने तल्लख होता. श्लोक एकदा ऐकला की तो त्याच्या मनात बसे. पुढे दोन वर्षे तो इंग्रजी शाळेतही गेला. परंतु पाठची भावंडे होती, त्यांच्या पोटाची काळजी होती. तेव्हा शाळा सोडून त्याला कमाईला लागावे लागले. ज्या मुलाने पुढे मराठी काव्यात एवढे नाव मिळविले त्याचे शालेय शिक्षण असे अर्ध्यावर राहिले.

लग्नानंतरची पहिली वर्षे ओढाताणीची होती. टिळक कधी शिक्षक होत, कधी पुराण सांगत, कधी कीर्तन करीत, तर कधी छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम करीत. एका गावी ते फार दिवस टिकत नसत. मनात आले की घरात कोणास न सांगता ते बाहेर पडत आणि कित्येक दिवस त्यांचा ठावठिकाणा लागत नसे. लक्ष्मीबाईंनी तेव्हा कधी सासरी तर कधी जलालपूरला माहेरी दिवस काढावे. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. पगार झाला आणि वाटेत कोणी गरजू भेटला तर पगार त्याच्या हाती जाई. घरात दाणा आहे की नाही याची आठवण त्यांना नंतर होई. शिवाय पाहुण्यांना आग्रहाने घरी आणण्याची हौस मोठी. वडिलांचा तापटपणाही थोडासा त्यांच्याकडे आला होता. मात्र राग जितक्या लवकर चढे तितक्याच लवकर उतरे, आणि उतरला की ते लहान मुलासारखे हळवे होत. अशा माणसाचा संसार करणे सोपे नव्हते. तो झाला याचे पुष्कळ श्रेय लक्ष्मीबाईंच्या हिमतीला आणि त्यांच्या विनोदी स्वभावाला दिले पाहिजे.

तरी या संसारात एक गोष्ट त्या काळच्या इतर घरांत क्वचितच आढळणारी होती. लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलींना शाळेत घालण्याची चाल तेव्हा फारशी नव्हती, आणि त्यांचे वडील तर अत्यंत कर्मठ होते. सोवळ्याचा त्यांना इतका ध्यास होता की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेणे त्यांच्या जिवावर येई. अशा घरातून आलेल्या आपल्या पत्नीला टिळकांनी अक्षरे शिकविली. धडा चालू असताना गुरुजींचा संयम सुटे, शिष्याही रुसून बसे. पण शिकणे बंद पडले नाही. स्वतः केलेल्या कविता टिळक तिला वाचून दाखवीत. पुढे तीही कविता करू लागली.

इ. स. १८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास गेले. तेथील धनिक व विद्याप्रेमी गृहस्थ अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. ऋषी नावाचे धर्मविषयक मासिकही चालविले. याच वर्षी त्यांच्या मुलाचा, दत्तूचा, जन्म झाला. आधीची अपत्ये हाती लागली नव्हती, त्यामुळे आईबापांचा सारा जीव या मुलात होता.

टिळकांच्या मनात मात्र या काळात मोठी खळबळ चालली होती. देव एक आहे, तो सर्वांचा पिता आहे, मग माणसामाणसांत उच्चनीच भेद का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी पुष्कळ ग्रंथ वाचले, पंडितांशी वाद केले. आपणच एखादा नवा धर्म स्थापावा असेही त्यांच्या मनात येऊन गेले. अशा मनःस्थितीत नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाशी गाठ पडली. बोलणे काव्यावरून निघाले आणि धर्मावर आले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नवा करार भेट दिला व तो वाचण्याची विनंती केली. टिळकांनी वाचतो म्हणून शब्द दिला आणि तो पाळला. वाचता वाचता येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले, आणि तेथून पुढे ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना.

पुढची दोन वर्षे त्यांनी विचारात काढली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

आज आपल्या राज्यघटनेने प्रत्येकास आपापल्या श्रद्धेप्रमाणे वागण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १८९५ साली धर्म बदलणाऱ्या माणसाला किती किंमत द्यावी लागे याची कल्पना म्हणूनच आपल्याला सहज येत नाही. त्याला पंगतीत स्थान नसे, घरच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे, भावांच्या घराची ओसरी त्याला बंद होई. आप्तांच्या लेखी तो माणूस मेल्यासारखा असे. टिळकांनी हे सर्व ठाऊक असूनच पाऊल टाकले होते. परंतु किंमत एकट्या टिळकांनाच द्यावी लागली असे नाही. लक्ष्मीबाईंचा या निर्णयात काही भाग नव्हता. त्यांना बातमी कळली तेव्हा ती गोष्ट होऊन गेली होती. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या आणि दत्तू चार वर्षांचाही झाला नव्हता. पती जिवंत आहे आणि तरी त्याच्या घरी जाता येत नाही, अशी त्यांची स्थिती झाली. अन्न गोड लागेना, झोप येईना. हिला वेड लागते की काय अशी भीती जवळच्या माणसांना वाटू लागली. टिळकांच्या श्रद्धेबद्दल आदर बाळगूनही येथे म्हणावेसे वाटते की, घरच्या माणसाला विश्वासात न घेता त्यांनी एवढी मोठी गोष्ट केली आणि त्याचा घाव तिला सोसावा लागला.

नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना व दत्तूला आपल्यापाशी ठेवून घेतले. त्यांचा बराच काळ पंढरपूरला गेला. इकडे टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात राहिले. तेथे ते शिकवीत, लिहीत आणि उपदेश करीत. दिवस कामात निघून जाई, पण मुलाची आठवण झाली की हा मनाने हळवा माणूस व्याकूळ होई. त्या विरहातून त्यांच्या काही कविता जन्मास आल्या. पंढरपूरला पत्रे जात. त्यांत कधी समजूत असे, कधी रागही असे.

त्या काळचा कायदा नवऱ्याच्या बाजूचा होता. रखमाबाईंचा खटला होऊन गेला त्याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. त्या खटल्यात नवऱ्याच्या घरी नांदावयास जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने दिला होता. मुलावरचा पहिला हक्क बापाचा हेही कायद्यास मान्य होते. म्हणून टिळक एक दिवस येतील आणि दत्तूला घेऊन जातील असा धाक नातेवाइकांना वाटे. टिळकांनी त्या वाटेने आपले घर परत मिळविले नाही. ज्या विश्वासासाठी आपण सर्व सोडले तो विश्वास बायकोवर बळाने लादावा हे त्यांना पटणारे नव्हते. ते वाट पाहत राहिले.

जवळजवळ पाच वर्षे अशी गेली. मग लक्ष्मीबाईंनीच धीर केला. आप्तांचा विरोध होता, लोक नावे ठेवीत होते. तरी दत्तूला घेऊन त्या अहमदनगरला आल्या. मात्र त्या आल्या त्या आपल्या अटींवर. आपला धर्म आपण सोडणार नाही, आपला स्वयंपाक वेगळा राहील, आपले पाणी वेगळे राहील, आपल्या सोवळ्याला कोणी हात लावणार नाही. टिळकांनी हे सर्व मान्य केले. एका संसारात दोन चुली पेटल्या. एकीकडे देवाची पूजा होई आणि एकीकडे येशूची प्रार्थना होई. तसे पाहिले तर टिळक धर्मोपदेशक होते, बोलण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. सभेत शेकडो लोकांना वळविण्याची शक्ती असणाऱ्या या वक्त्याला घरातल्या एका माणसापाशी मात्र गप्प राहण्याची कला शिकावी लागली. त्यांच्यासारख्या उतावळ्या माणसाला ते किती जड गेले असेल!

या दोन चुलींच्या घरात लक्ष्मीबाई डोळे उघडे ठेवून वावरत होत्या. नवऱ्याकडे नाना जातींचे लोक येत आणि एकत्र बसून जेवत, ते त्या पाहत. आपण ज्याच्या हातचे पाणी घेत नाही तोही आपल्यासारखाच माणूस आहे, मग ही जातपात देवाने केली की माणसाने, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. तो कोणी शिकविलेला नव्हता. त्यांचा त्यांनाच सुचला होता. एके दिवशी त्यांनी सोवळे बाजूस ठेवले आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपली हरकत नाही असे ठरविले. हे पहिले पाऊल टाकल्यावर काही काळाने, इ. स. १९०० साली, त्यांनी स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. दत्तूही त्यांच्याबरोबर होता. दुसरी चूल विझली ती अशी.

त्याच सुमारास महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ कोसळला होता. १८९९ चा पाऊस गेला. गावेच्या गावे उठली. आईबापांविना उरलेली मुले रस्त्यावर आली. त्याच्या आगेमागे प्लेगची साथ होतीच. टिळकांच्या घराचे दार अशा मुलांना उघडे होते. पोरक्या मुलाला घरी आणावे ते टिळकांनी, आणि त्याच्या आंघोळीपासून अंथरुणापर्यंत सर्व पाहावे ते लक्ष्मीबाईंनी, असा क्रम पडून गेला. पगार बेताचा आणि पाने वाढत चाललेली! जन्म झाला त्या कुळात ज्यांचा स्पर्शही वर्ज्य मानला असता ती मुले आता लक्ष्मीबाईंच्या मांडीवर निजत होती.

१९०४ साली टिळकांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. धर्म बदलला तरी मराठीपण त्यांनी टाकले नाही. ख्रिस्ती मंडळी तेव्हा प्रार्थनेत पुष्कळशी भाषांतरित गीते परदेशी चालींवर म्हणत. टिळकांना ते रुचेना. त्यांनी अभंग लिहिले, पदे व भजने रचली. ती शेकड्यांनी मोजावी लागतील. मराठी ख्रिस्ती मंडळी ती आजही गातात. टाळमृदंगाच्या साथीने ते ख्रिस्ताचे कीर्तन करीत. तुकोबांचे अभंग त्यांनी कधी हातावेगळे केले नाहीत. ख्रिस्ताकडे आपण आलो ते तुकोबांमुळेच, असे ते उघड सांगत. त्यांच्या देशप्रेमावरही कोणी शंका घेऊ शकत नसे. परदेशी मिशनरी मित्रांना त्यांचे दोष स्पष्टपणे सांगण्यास ते भीत नसत. अनेकांशी त्यांचे खटके उडत, आणि तरी अनेकांशी त्यांचा स्नेह टिकून राही.

या घरात आणखी एक मुलगा येऊन राहिला होता. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे खानदेशातील एका कोवळ्या पोराने आपली कविता म्हटली आणि जाणती मंडळी थक्क झाली. तो त्र्यंबक बापूजी ठोंबरे. पुढे सर्व महाराष्ट्र ज्यांना बालकवी म्हणू लागला ते हेच. टिळकांनी त्याला प्रेमाने जवळ केले आणि आपल्या नगरच्या घरी आणले. मुलगा हिंदू, घर ख्रिस्ती. पण त्याचा धर्म बदलावा म्हणून त्याला आणलेले नव्हते. त्याने पोटभर जेवावे, हिंडावे आणि कविता करावी एवढीच टिळकांची अपेक्षा होती. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. हा लाडका कवी मे १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात गेला. तो आघात टिळकांना त्यांच्या अखेरच्या वर्षात सोसावा लागला.

वय वाढले तसे टिळकांचे मन पगाराच्या नोकरीत रमेना. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि भगवी वस्त्रे धारण केली. ख्रिस्ताच्या नावाने सर्व जातिधर्मांच्या लोकांनी एकत्र यावे, कोणाला आपला समाज सोडावा लागू नये, अशा कल्पनेने त्यांनी साताऱ्यास एक संस्था काढली. तिचे नाव देवाचा दरबार. संन्याशाची वस्त्रे घातली तरी पत्नीला त्यांनी दूर केले नाही. दोनदा ज्यांनी सर्वस्व सोडले त्या टिळकांना घर काही सुटले नाही, याची गंमत वाटते. लक्ष्मीबाईही बोचकी बांधून साताऱ्यास गेल्या. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या मागे बोचकी बांधण्याची त्यांना सवयच झाली होती.

साताऱ्याचे काम नीट उभे राहण्याआधीच टिळकांची प्रकृती ढासळली. उपचारासाठी त्यांना मुंबईस नेले, पण गुण आला नाही. ९ मे १९१९ रोजी त्यांचा अंत झाला.

टिळकांच्या मागे एक काम अपुरे राहिले होते. येशूचे चरित्र मराठी ओवीत सांगावे, खेड्यापाड्यांतील लोकांनी पोथीसारखे ते वाचावे, म्हणून ख्रिस्तायन नावाचे महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते. दहा अध्याय होऊन लेखणी थांबली होती. टिळकांच्या ओळखीचे विद्वान पुष्कळ होते. ते पुस्तक पुढे नेले मात्र लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते; जोडाक्षरे लिहिताना त्या अडखळत. वर्षामागून वर्षे त्या ओव्या रचीत राहिल्या आणि त्यांनी आणखी ६४ अध्याय लिहिले. मुलगा देवदत्त, म्हणजे लहानपणचा दत्तू, याच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणीही लिहून काढल्या. त्या स्मृतिचित्रे या नावाने १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांत टिळकांचा विसराळूपणा आहे, त्यांचा राग आहे, पाच वर्षांचा वियोग आहे; काही झाकून ठेवलेले नाही. आपल्याला आज टिळकांचे घर इतके जवळून दिसते ते या पुस्तकामुळे.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी वारल्या. ख्रिस्तायन छापून झाले १९३८ साली. नाशिकजवळच्या त्या लहान गावात लग्न होऊन तेव्हा ५८ वर्षे झाली होती.